उघड्या मानेची पिल्लं

वहिनी आमच्याकडे राहायला आल्या त्या दिवाळीनंतर. सोबत दोन लोखंडी पेट्या, एक शिलाई मशीन आणि दोन डाल्यांत बसवलेले नऊ पक्षी. नीट सांगायचं तर आठ कोंबड्या आणि एक कोंबडा. टेम्पोवाल्याने पेट्या उतरवल्या, मशीन उतरवली, पण डाल्यांना हात लावला नाही. ती वहिनींनी स्वतः उतरवली, आधी कोंबड्या मागच्या अंगणात नेल्या आणि मगच घरात पाय ठेवला.

माझा मोठा भाऊ खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होता. श्रावणात एके दिवशी ड्युटीवरून आला, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेला. मूलबाळ नव्हतं. कॉलनीतलं क्वार्टर सोडावं लागणार होतं. आमची सगळ्यांत मोठी बहीण भंडाऱ्याला असते. तिने तेरवीच्याच दिवशी, जेवणाच्या पंगतीत, वहिनींनी धाकट्या दिराकडे राहायचं हे ठरवून टाकलं. मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. बायकोनेही म्हटलं. वहिनी काही बोलल्या नाहीत, आणि आम्ही सगळ्यांनी तो होकार धरला.

पुढचे काही महिने मला नीट आठवत नाहीत, इतका मी थकलेला होतो. मी नागपुरात कळमन्याच्या बाजारात एका अडत्याकडे हिशोब बघतो. सोयाबीन आलं की दिवसभर मान वर करायला फुरसत नसते. सोयाबीन संपत नाही तोच तूर येते. त्यात भावाचे कागद, क्वार्टरचा ताबा, सह्या, झेरॉक्सा, रविवारची खापरखेड्याची फेरी. घरी आलो की जिन्याच्या पायरीवर बसून बूट काढायचो आणि बूट काढून झाल्यावरही तिथेच बसून राहायचो. बायको आतून विचारायची, जेवायचं आहे की तिथेच अंथरूण टाकू.

वहिनींनी येताना एक गोष्ट सांगितली होती. त्यांच्या माहेरी रीत आहे, की नव्या जागी गेलं की खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायची. पिल्लं निघाली तर जागेने आपल्याला ठेवून घेतलं. नाही निघाली, तर जागा आपली नाही, मुकाट्याने दुसरीकडे बघायचं. तोवर पेट्या उघडायच्या नाहीत. फोनवर त्यांनी हे भंडाऱ्याच्या बहिणीलाही सांगितलं आणि बहिणीने ते सगळ्या गोतावळ्यात पोहोचवलं. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या दोन पेट्या मधल्या खोलीत, भिंतीला लागून, कुलूप लावलेल्या तशाच उभ्या राहिल्या. येता-जाता माझा गुडघा त्यांना लागायचा. वहिनी रोजच्या दोन साड्या एका पिशवीत ठेवत. माणूस घरात आहे, पण आलेलं नाही, असं रोज दिसायचं.

कोंबड्यांची जबाबदारी हळूहळू माझ्याकडे आली, कारण दाणा मीच आणायचो. बाजारात रोज सांडतं ते झाडून गोळा केलेलं धान्य, तांदळाची कणी, फुटकी डाळ. सकाळी कामाला जाण्याआधी खुराडं उघडायचं, पाणी बदलायचं. पहिल्या आठवड्यात मला सगळ्या सारख्याच वाटत. मग एकेक वेगळी दिसायला लागली, आणि ते काही सुख नव्हतं. ओळख झाली की काळजी सुरू होते.

दोन वनराजा जातीच्या होत्या. तांबूस, जाडजूड, तीन किलोच्या पुढच्या. भांडण नाही, पळणं नाही. डबा वाजला की एकमेकींना धक्का देत यायच्या आणि खाऊन झालं की खाल्ल्या जागीच बसायच्या. त्यांच्याकडे बघून मला स्वतःची आठवण यायची. तीन गावरान होत्या, अंगाने लहान, ठिपक्यांच्या, सतत हिशोबात असल्यासारख्या. आकाशात घार दिसली की सगळ्यांत आधी त्यांना कळायचं. एक बारीक आवाज काढायच्या आणि तीन सेकंदांत अंगण रिकामं. वनराजा तेवढ्या उघड्यावर उभ्या राहून काय झालं म्हणून बघायच्या.

कडकनाथ एकच होती. पिसं काळी, चोच काळी, तुरा काळा, जीभही काळी. उन्हात तिच्या अंगावर हिरवट झाक यायची. पाच महिन्यांत तिने मला एकदाही हात लावू दिला नाही. कंपाउंडच्या भिंतीवर एकटी बसायची, बाकीच्यांकडे पाठ करून. अंडं घालायची आणि मागे वळून बघायची नाही. वहिनी म्हणायच्या, हिची जातच अशी, पोरं दुसऱ्यांनी सांभाळावी.

एक पांढरी होती, अंड्यांच्या फार्मवरून काढून टाकलेली. तिची चोच लहानपणीच कापलेली. तिला जमीन उकरता येत नव्हती, दांड्यावर बसता येत नव्हतं. बाकीच्या संध्याकाळी उडून वर बसायच्या, ही खाली कोपऱ्यात उभी. वहिनी रोज तिला उचलून वर ठेवत. रोज. काही दिवसांनी ते काम माझं झालं.

आणि असील. उंच, ताठ मानेची, पाय पिवळे आणि जाड, तुरा नावापुरता. चालायची तर अंगण तिच्या नावावर असल्यासारखी. जेवणाच्या वेळी कोणी पुढे आलं तर एकच टोच, दुसरी मारावी लागत नसे. पण अंड्यांवर बसावं तर हिनेच. वहिनी सांगत, कॉलनीत हिने एकदा मांजराला अंगणातून थेट रस्त्यापर्यंत पळवलं होतं. सगळ्यांची पिल्लं हीच काढायची.

कोंबडा असीलच्याच रक्ताचा, तांबडा-काळा. तो पहाटे चारला सुरू व्हायचा.

आमच्या भिंतीला लागून एक निवृत्त मास्तर राहतात. त्यांचं हृदयाचं ऑपरेशन झालेलं. ते आले, खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, आणि बराच वेळ थंडीबद्दल बोलले. मग म्हणाले, ‘कोंबड्या राहू द्या, माझं काही म्हणणं नाही. पन तो कोंबडा माझ्या उशाशी उभा राहून हजेरी घेऊन राहिला. मी चाळीस वर्षं हजेरी घेतली, आता मले देणं जमत नाही.’ मी काही बोलण्याआधी आतून वहिनींचा आवाज आला, घेऊन जा म्हणा त्याले, ज्याले पाहिजे त्याले द्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच कोंबडा पकडून, पाय बांधून, पिशवीत घालून मला दिला. आमच्या अडतीवर एक मापारी आहे, पोती तोलायचं काम करतो. त्याच्याकडे कामठीच्या पलीकडे गावात कोंबड्या आहेत. मी कोंबडा त्याला दिला. मास्तर झोपले. मीही झोपलो.

तुरीचे दिवस आले आणि असील खुडूक झाली. पिसं फुलवून खुराड्याच्या कोपऱ्यात बसली, उठेना. वहिनींनी टोपली घेतली, तिच्यात तुरीचं कुटार, म्हणजे भुसा, घातलं, मध्ये हाताने खळगा केला. अकरा अंडी निवडली. अंडी विषम आकड्यातच ठेवतात. प्रत्येक अंड्यावर कोळशाची एक तिरपी रेघ ओढली, म्हणजे नंतर दुसऱ्या कोंबडीने येऊन त्यात अंडं घातलं तर ते ओळखून काढता येतं. बायको शेजारी उभी होती. तिने विचारलं, आता किती दिवस. वहिनी म्हणाल्या, एकवीस. आणि पेट्यांकडे एकदा बघितलं.

मी त्या वेळी कामावर जायला निघालो होतो. फाटकापाशी आलो आणि थांबलो. कोंबडा जाऊन अडीच महिने झाले होते. कोंबडा गेल्यावर दोन आठवडे, फार तर तीन, अंड्यात जीव धरतो. त्यानंतरची अंडी खायची. हे मला आधी माहीत नव्हतं. मास्तरांच्या तक्रारीच्या वेळी मी फोनवर वाचलं होतं. म्हणजे टोपलीतली अकराच्या अकरा अंडी रिकामी होती. असील तीन आठवडे उपाशीतापाशी बसणार, काहीच निघणार नाही, आणि वहिनी पेट्या उचलून निघून जाणार. आयुष्यभर कोंबड्या पाळलेल्या बाईला हे कळलं नाही, याचं मला वाईट वाटलं. भाऊ गेल्यापासून त्यांचं चित्त ठिकाणावर नाही, असं मी धरून चाललो.

त्यांना सांगावं का, हा विचार मी दिवसभर केला. सांगितलं असतं तर नवा कोंबडा आणावा लागला असता, मास्तरांना पुन्हा तोंड द्यावं लागलं असतं. मुख्य म्हणजे, तुमचं लक्ष नाही, हे त्यांना तोंडावर म्हणावं लागलं असतं. माझ्यात तेवढं त्राण नव्हतं. संध्याकाळी मी मापाऱ्याला म्हटलं, तुझ्याकडची ताजी अंडी दे. आमचा कोंबडा त्याच्याकडेच होता. तेव्हा ती पिल्लं एका अर्थाने आमचीच झाली असती. हा विचार मला फार पक्का वाटला.

दुसऱ्या दिवशी त्याने अंडी आणली. वहिनी आणि बायको भाजी आणायला गेल्या होत्या. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा अंगणात नेला. असीलने हाताला दोनदा रक्त काढलं. जुनं अंडं काढायचं, तोलायचं, त्याच रंगाचं, त्याच वजनाचं नवं अंडं शोधायचं, त्यावर तशीच तिरपी रेघ ओढायची. बेचाळीस ग्रॅमला बेचाळीस ग्रॅम. वनराजाच्या मोठ्या अंड्यांना मोठी. एकही अंडं तीन ग्रॅमपेक्षा जास्त चुकलं नाही. जुनी अकरा मी मापाऱ्याला परत नेऊन दिली, खाण्यासाठी.

पुढचे दिवस घरात बरे गेले. बायको वहिनींकडून शिवण शिकायला लागली. मशीन तेवढी उघडली होती, कारण ती पेटी नव्हती. वहिनी रोज सकाळी असीलला उठवून दाणापाणी करायच्या, मग ती परत बसायची. एक गोष्ट मला तेव्हा खटकायला हवी होती. कॉलनीत असताना वहिनी सातव्या-आठव्या दिवशी एकेक अंडं मुठीत धरून उन्हाकडे बघायच्या, आत जीव दिसतो का म्हणून. मी स्वतः बघितलं होतं. इथे त्यांनी एकदाही अंडं उचललं नाही. बायको म्हणाली, ‘बाई, एकदा पाहा तं खरं.’ वहिनी म्हणाल्या, ‘राहू दे वं. काय निघायचं ते निघन.’ मी त्याचाही अर्थ दुःख असाच लावला.

होळीच्या आधी, एका सकाळी, असीलच्या पोटाखालून आवाज आला. बायकोने मला दात घासताना बोलावलं. वहिनी टोपलीजवळ बसल्या होत्या. हात मांडीवर, हालचाल नाही. दुपारपर्यंत आठ पिल्लं निघाली, तीन अंडी तशीच राहिली. बायको आनंदात होती. तिने गुळाचा खडा आणला, वहिनींच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, आता उघडा पेट्या, मी कपाटाचा एक खण रिकामा करते. वहिनींनी गूळ तोंडात टाकला नाही. एक पिल्लू उचललं, अंगठ्याने त्याच्या मानेवरून हात फिरवला आणि खाली ठेवलं. दुसरं उचललं. मग मलाही दिसलं. आठांतल्या पाचांच्या मानेवर लवच नव्हती. मान पूर्ण उघडी, गुलाबी, वर डोक्यावर पिवळ्या लवीची टोपी. उघड्या मानेच्या कोंबड्यांची जात असते, ऊन सोसणारी. पण आमच्या आठ कोंबड्यांत तशी एकही नव्हती, आणि आमचा कोंबडाही तसा नव्हता.

मी कामावर गेलो. मापाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, तुझ्याकडे उघड्या मानेचा कोंबडा आहे का. तो म्हणाला, हाय ना, मोठा दांडगा हाय, सगळं गाव त्याचंच. मग आमचा कुठे आहे, मी विचारलं. मापारी जरा लाजला.

‘तुमचा तं पहिल्याच इतवारी झाला, साहेब. पाव्हणे आले होते. पन चव लय होती.’

मी अंड्यांचं वजन केलं होतं, रंग जुळवले होते, रेघा जुळवल्या होत्या. अंडं दिसायला कोंबडीवर जातं, पण त्यातून निघणाऱ्या पिल्लाला बापही असतो, हे माझ्या हिशोबात आलं नव्हतं. आलं होतं, पण मी बाप जिवंत धरला होता.

संध्याकाळी घरी आलो. वहिनी अंगणात एकट्या होत्या, पांढरीला उचलून दांड्यावर ठेवत होत्या. मी पायरीवर बसलो. बूट काढले नाहीत. त्यांनी खुराड्याची कडी लावली आणि माझ्यापासून थोड्या अंतरावर, कपडे धुवायच्या दगडावर बसल्या.

‘भाऊजी, अंडे तुम्ही बदलवले.’

मी हो म्हटलं. मग मी समजावून सांगायला लागलो. कोंबडा जाऊन इतके महिने झाले होते, त्या अंड्यांत काही नव्हतं, तुमच्या लक्षात आलं नसेल म्हणून.

‘मले माहीत होतं,’ वहिनी म्हणाल्या.

त्यांचा आवाज चढला नाही. मला आधी कळलंच नाही की काय माहीत होतं. मग कळलं. रिकामी अंडी त्यांनी रिकामी म्हणूनच ठेवली होती.

‘मंग काहून बसवली?’ मी विचारलं.

‘काहून म्हणजे. जाण्यासाठी.’ त्यांनी पदराने हात पुसले. ‘इथं मले कोणी वाकडं बोललं नाही. ताट हातात येते. तुमची बायको माझ्याआधी जेवत नाही. याच्यानं तं जाता येत नव्हतं. काय सांगून जाऊ? भांडण झालं असतं तं कवाच गेली असती. तिकडं कॉलनीच्या मागच्या गावात माझ्या सोबतच्या दोघीजणी खोल्या घेऊन राहिल्या. संध्याकाळी ओट्यावर बसतात. माझी जागा ठेवली हाय. पन मी गेली तं भंडारा काय म्हणन? दिरानं सहा महिने नाही सांभाळली म्हणन. मी म्हटलं, जागेवर जाऊ दे. कोंबडीनं पिल्लं नाही काढले, जागेनं नाही ठेवलं, संपलं. तुमच्यावर कोणी बोट नसतं ठेवलं.’

मग म्हणाल्या, ‘तुम्ही तं आठ काढून बसले.’

त्या हसल्या. मीही हसलो, पण मला ते हसणं फार जड गेलं. मी त्यांना थांबा म्हणणार होतो. बायकोला किती वाईट वाटेल, भाऊ असता तर काय म्हणाला असता, असलं काहीतरी तोंडावर आलं होतं. त्यांच्याकडे बघितलं आणि ते बोललो नाही. पाच महिने त्या आमच्या घरात पाहुणी असल्याचं काम करत होत्या, आणि ते काम माझ्या कामापेक्षा जास्त थकवणारं होतं. त्यांचं तोंड तसं दिसत होतं. मला ते आधी दिसलं नव्हतं, कारण मी माझाच थकवा मोजत होतो.

बायकोला मीच सांगितलं. ती रडली, मग रागावली, माझ्यावर जास्त. म्हणाली, तुम्हाला अंडी तोलता आली, माणूस विचारता नाही आलं. मग उठून वहिनींच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही. आतून दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. कोणती भांडी न्यायची, गॅसची दुसरी टाकी कोणाच्या नावावर आहे.

रविवारी मी वहिनींबरोबर खोली बघायला गेलो. लांबून वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तशा त्या रिक्षात जरा पुढे सरकून बसल्या. खोली लहान होती, खिडकीच्या चौकटीवर राखेचा बारीक थर. त्यांनी खोली एकदाच बघितली. अंगण तीनदा बघितलं. भिंत किती उंच आहे, मांजराची वाट कुठून, दुपारची सावली कुठे पडते. मैत्रिणींपैकी एक ओट्यावरून म्हणाली, आली काय वं, आम्ही समजलो नागपूरची झाली. वहिनींनी तिला अशी काही शिवी दिली की मी दुसरीकडे बघितलं. पाच महिन्यांत त्यांच्या तोंडून मी तसं काही ऐकलं नव्हतं.

सामान हलवायचं ठरलं त्याच्या आदल्या दिवशी भंडाऱ्याहून बहिणीचा फोन आला. तिला कुठूनतरी कुणकुण लागली होती. मी अंगणातच होतो. असील पिल्लांना घेऊन कुटार उकरत होती. वहिनी कडकनाथला भिंतीवरून उतरवायच्या प्रयत्नात होत्या, आणि फोन वाजताच त्या जागच्या जागी थांबल्या.

‘काय आयकून राहिली मी?’ बहीण म्हणाली. ‘ते परत चालली म्हणतात. काही बोलले काय तुम्ही लोक तिले?’

मी हिशोबाचा माणूस आहे. अडतीवर मी कधी पावशेराचाही खोटा आकडा लिहिलेला नाही, आणि लिहायला सांगितला तर लिहीत नाही.

‘कोणी काही बोललं नाही, बाई,’ मी म्हटलं. ‘कोंबडी बसवली होती. एकही पिल्लू नाही निघालं.’

मग बहीण म्हणाली, एकही नाही? मी म्हटलं, एकही नाही. अकराच्या अकरा वाया गेली.

‘मंग जागाच नाही घेत तिले,’ बहीण म्हणाली. तिने उसासा टाकला. ‘तुम्ही तरी काय करान. जाऊ द्या, तिच्या मनानं जाऊ द्या.’ मग तिने विचारलं, ‘हे मागं काय चिवचिव करून राहिलं?’

मी म्हटलं, बाजारात आहे, चिमण्या आहेत, धान्यावर येतात.

फोन ठेवला. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. कडकनाथ भिंतीवरून त्यांच्या हाताबाहेर सरकून आणखी दूर जाऊन बसली. मी उठलो, बाजारातून आणलेला रिकाम्या पोत्यांचा बारदाना घेतला आणि उद्याच्या प्रवासासाठी डाल्यांना बांधायला लागलो. वहिनी आल्या आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.